प्रकाश पडताच सुटणारा नायट्रिक ऑक्साइड: कर्करोगाच्या गाठीसाठी धातुसंकुलांचा शोध

रक्तदाब अचानक धोकादायक पातळीपर्यंत वाढलेल्या रुग्णाला अतिदक्षता विभागात सोडियम नायट्रोप्रुसाइड हे औषध शिरेतून देतात, तेव्हा सलाइनची पिशवी ॲल्युमिनियमच्या फॉइलने किंवा एखाद्या अपारदर्शक आवरणाने झाकलेली असते. ताजे द्रावण फिकट तपकिरी छटेचे असते. ते निळे, हिरवे किंवा गडद लाल दिसू लागले तर वापरू नये, अशी सूचना औषधासोबत दिलेली असते. ही सगळी खबरदारी प्रकाशापासून घ्यायची असते. या औषधाच्या रेणूत मध्यभागी लोहाचा एक अणू, त्याला जोडलेले पाच सायनाइड गट आणि सहाव्या जागी नायट्रिक ऑक्साइड अशी रचना असते, आणि प्रकाश पडला की लोह व नायट्रिक ऑक्साइड यांच्यातील बंध तुटू लागतो. औषध साठवणाऱ्याच्या दृष्टीने हा दोष आहे. मात्र काही रसायनशास्त्रज्ञांनी याच गुणधर्माचा उलट बाजूने विचार केला. प्रकाशाने बंध तुटत असेल, तर नायट्रिक ऑक्साइड जिथे हवा आहे तिथेच आणि हवा तेव्हाच प्रकाश टाकावा, बाकी शरीरात तो बांधलेलाच राहू द्यावा. कर्करोगाच्या गाठीवर हा उपाय कितपत चालू शकेल, यावर गेली सुमारे तीन दशके जगभरातील प्रयोगशाळांत काम सुरू आहे.

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नायट्रोजनचा एक आणि ऑक्सिजनचा एक अणू, एवढाच छोटा रेणू. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल देण्यासाठी वापरला जाणारा नायट्रस ऑक्साइड हा वायू वेगळा. दोघांची गल्लत करू नये. नायट्रिक ऑक्साइडच्या रेणूत एक इलेक्ट्रॉन जोडीविना एकटा असतो, म्हणजे रसायनशास्त्राच्या भाषेत तो मुक्त मूलक आहे आणि म्हणूनच तो पटकन अभिक्रिया करतो. हा वायू बराच काळ केवळ धुराड्यांतून आणि वाहनांतून बाहेर पडणारा प्रदूषक म्हणून ओळखला जाई. मग १९७७ मध्ये फरीद मुराद यांनी दाखवले की हृदयविकारात दिले जाणारे नायट्रोग्लिसरीन शरीरात नायट्रिक ऑक्साइड सोडून काम करते. १९८० मध्ये रॉबर्ट फर्चगॉट यांना आढळले की रक्तवाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून वाहिनी सैल करणारा कोणतातरी पदार्थ बाहेर पडतो, आणि तो पदार्थ नायट्रिक ऑक्साइडच असल्याचे १९८६-८७ च्या सुमारास लुई इग्नारो आणि साल्वादोर मोंकादा यांच्या कामातून स्पष्ट झाले. फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या पेशी हा वायू आर्जिनीन या अमिनो आम्लापासून स्वतःच तयार करतात, आणि त्याच्या मदतीने रक्तवाहिन्या सैल होतात, चेतापेशी एकमेकींना संदेश देतात व पांढऱ्या पेशी जंतूंना मारतात.

कर्करोगाच्या संदर्भात या रेणूचे वागणे मात्र सरळ नाही, आणि ते नीट समजल्याशिवाय पुढची सगळी धडपड कशासाठी चालली आहे हे कळत नाही. नायट्रिक ऑक्साइड थोड्या प्रमाणात असला तर तो गाठीला मदत करतो. नव्या रक्तवाहिन्या फुटायला, पेशी जगायला आणि पसरायला त्याचा हातभार लागतो. तोच रेणू मोठ्या प्रमाणात मिळाला तर त्याच पेशी मरतात. पेशींवरील प्रयोगांतून या पायऱ्यांचे ढोबळ आकडेही मिळाले आहेत: साधारण १०० नॅनोमोलरपर्यंतच्या पातळीवर (नॅनोमोलर हे द्रावणातील रेणूंचे प्रमाण मोजण्याचे एकक; हजार नॅनोमोलर म्हणजे एक मायक्रोमोलर) पेशीला जगवणारे संदेश सुरू होतात, सुमारे ४०० नॅनोमोलरच्या पुढे पी-५३ नावाचे, बिघडलेल्या पेशीला थांबवणारे प्रथिन जागे होते, आणि एक मायक्रोमोलरच्या वर पेशीतील प्रथिनांवर व डीएनएवर थेट आघात होऊ लागतो. म्हणजे मात्रा दहापटीने इकडची तिकडे झाली तर उपचाराचा अपाय होऊ शकतो. म्हणून ‘नायट्रिक ऑक्साइड कर्करोग बरा करतो’ किंवा ‘वाढवतो’ अशी विधाने मात्रा सांगितल्याशिवाय निरर्थक ठरतात, असे मला वाटते.

मोठ्या मात्रेत तो पेशीला कसा मारतो? त्याच्या अनेक वाटा आहेत आणि हेच त्याचे बलस्थान आहे. पेशीत ऊर्जा तयार करणाऱ्या मायटोकॉन्ड्रियातील सायटोक्रोम सी ऑक्सिडेज या एन्झाइमला तो चिकटतो आणि पेशीचे श्वसन थांबवतो. डीएनएचे घटक तयार करणाऱ्या रायबोन्यूक्लिओटाइड रिडक्टेज या एन्झाइमला तो निकामी करतो, त्यामुळे पेशीचे विभाजन अडते. प्रथिनांतल्या गंधकयुक्त गटांना तो जोडला जातो आणि त्यांचे काम बदलतो. पेशीतल्या सुपरऑक्साइड या ऑक्सिजनच्या क्रियाशील रूपाशी त्याची गाठ पडली, तर दोघे जवळपास भेट होताक्षणीच जोडले जातात आणि पेरॉक्सिनायट्राइट हा अत्यंत मारक पदार्थ तयार होतो. एकाच लक्ष्यावर काम करणाऱ्या औषधाला पेशी त्या लक्ष्यात बदल करून चकवा देऊ शकते. चार दिशांनी येणाऱ्या आघाताला असा चकवा देणे अवघड जाते. औषधे पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपांचे काम नायट्रिक ऑक्साइडमुळे मंदावते आणि त्यामुळे केमोथेरपीला दाद न देणाऱ्या पेशी पुन्हा औषधाला बळी पडतात, असेही प्रयोगशाळेत दिसून आले आहे.

एवढे सगळे माहीत असताना हा वायू सरळ रुग्णाला का देत नाहीत? तो श्वासावाटे देता येतो आणि फुप्फुसांतील रक्तदाब वाढलेल्या नवजात बाळांना अगदी कमी प्रमाणात दिलाही जातो. अमेरिकेत या उपचाराला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. पण फुप्फुसांतून रक्तात उतरताच हिमोग्लोबिन त्याला क्षणार्धात निष्क्रिय करते, म्हणून त्याचा परिणाम फुप्फुसांपुरता राहतो. ऊतींमध्येही त्याचे आयुष्य काही सेकंदांचेच असते आणि तेवढ्या वेळात तो सुमारे १०० ते २०० मायक्रोमीटर, म्हणजे काही पेशींच्या रुंदीएवढे अंतर कापतो. दुसरा मार्ग म्हणजे शरीरात फिरता फिरता नायट्रिक ऑक्साइड सोडणारे औषध देणे. तसे केल्यास तो सर्वत्र सुटतो, रक्तदाब कोसळण्याची भीती असते, म्हणून मात्रा कमीच ठेवावी लागते, आणि कमी मात्रा गाठीला पोषक ठरू शकते. फुप्फुसाच्या कर्करोगात केमोथेरपीबरोबर नायट्रोग्लिसरीनची पट्टी लावून पाहिली गेली आहे. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जपानमधील एका चाचणीत रुग्णांचा प्रतिसाद वाढलेला दिसला. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या नेदरलँड्समधील चाचणीत, जोडीची औषधे वेगळी असताना, तसा लाभ दिसला नाही. थोडक्यात, अल्पायुषी असणे ही या रेणूची अडचण आहे, पण तो नेमका गाठीतच सोडता आला तर तेच त्याचे वैशिष्ट्य सुरक्षिततेची हमी देते, कारण शेजारच्या निरोगी भागात तो पोहोचण्याआधीच संपून जातो.

इथे धातू उपयोगी पडतो. मध्यभागी धातूचा अणू किंवा आयन आणि त्याच्याभोवती इलेक्ट्रॉनांच्या जोड्या देऊन त्याला धरून ठेवणारे रेणू, अशा रचनेला धातुसंकुल म्हणतात. भोवतीच्या रेणूंना लिगँड म्हणतात. रक्तातल्या हिमोग्लोबिनमधला ‘हिम’ नावाचा लोहयुक्त गट आणि पानातले क्लोरोफिल ही आपल्या ओळखीची धातुसंकुले आहेत. नायट्रिक ऑक्साइड धातूला नायट्रोजनच्या टोकाने जोडला जातो. हा बंध दुहेरी देवाणघेवाणीचा असतो: नायट्रिक ऑक्साइड धातूला इलेक्ट्रॉन देतो आणि धातू आपल्याकडील काही इलेक्ट्रॉन त्याच्या रिकाम्या कक्षकांत, म्हणजे इलेक्ट्रॉन राहू शकतात अशा जागांत, परत ढकलतो. या परतीच्या देवाणीमुळे बंध इतका बळकट होतो की योग्य रचना असेल तर असे संकुल पाण्यात, अंधारात, कित्येक तास किंवा दिवस जसेच्या तसे राहू शकते.

प्रकाशाने हाच तोल बिघडतो. संकुलावर पडलेल्या प्रकाशाचा एक फोटॉन, म्हणजे प्रकाशऊर्जेचा सर्वांत लहान पुंजका, शोषला गेला की धातूजवळचा एक इलेक्ट्रॉन उडी मारून धातू आणि नायट्रिक ऑक्साइड यांच्यातील बंधविरोधी कक्षकात जातो. नावाप्रमाणेच, त्या कक्षकात इलेक्ट्रॉन आला की बंध कमकुवत होतो. रुथेनियम या धातूच्या संकुलात प्रकाशापूर्वी विद्युतभाराची वाटणी अशी असते की नायट्रिक ऑक्साइड जणू एक इलेक्ट्रॉन धातूकडे ठेवून बसलेला असतो. प्रकाश पडताच तो इलेक्ट्रॉन त्याच्याकडे येतो, तो पुन्हा मूळचा मुक्त मूलक बनतो, धातूपासून सुटतो आणि त्याची रिकामी झालेली जागा आजूबाजूच्या पाण्याचा रेणू घेतो. धातूला चिकटलेला वायू प्रकाशाने सुटतो हे निरीक्षण तसे जुने आहे: हिमोग्लोबिनला बसलेला कार्बन मोनॉक्साइड प्रकाशात निसटतो, हे जॉन स्कॉट हाल्डेन यांनी १८९६ मध्येच नोंदवले होते. नायट्रिक ऑक्साइडच्या बाबतीत तेच तत्त्व उपचाराच्या हेतूने वापरण्याचा प्रयत्न होतो आहे.

प्रत्यक्ष संकुलांचा विचार केला तर सुरुवात लोहापासून झाली, आणि तीही जुन्याच पदार्थांपासून. झकारी रूसँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८५८ मध्ये लोह, गंधक आणि नायट्रिक ऑक्साइड यांचे क्षार तयार केले होते. त्यांच्या रंगांवरून त्यांना रूसँचे लाल क्षार आणि काळे क्षार म्हणतात. लाल क्षाराच्या एका रेणूत नायट्रिक ऑक्साइडचे चार आणि काळ्या क्षारात सात रेणू बांधलेले असतात, म्हणजे साठा मोठा. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा येथील शाखेत पीटर फोर्ड यांनी या क्षारांचा प्रकाशातील स्वभाव तपासला, आणि १९९७ मध्ये त्यांनी व सहकाऱ्यांनी एक महत्त्वाचा प्रयोग प्रसिद्ध केला: ऑक्सिजनविना ठेवलेल्या हॅमस्टरच्या पेशींना लाल क्षार देऊन त्यांवर प्रकाश टाकला, तेव्हा गॅमा किरणांनी मरणाऱ्या पेशींचे प्रमाण वाढले.

या प्रयोगात ऑक्सिजनविना ठेवलेल्या पेशी का निवडल्या, हे सांगण्यासाठी थोडे थांबायला हवे, कारण या विषयातला सर्वांत आशादायक भाग माझ्या मते इथेच आहे. वाढत्या गाठीत रक्तवाहिन्यांचे जाळे वेडेवाकडे आणि अपुरे असते. वाहिनीपासून साधारण १०० ते २०० मायक्रोमीटरच्या पलीकडच्या पेशींना ऑक्सिजन जेमतेम मिळतो किंवा मिळतच नाही. किरणोपचारात डीएनएवर झालेली जखम पक्की करण्याचे काम ऑक्सिजन करतो. त्यामुळे ऑक्सिजन नसलेल्या पेशी मारण्यासाठी अडीच ते तीनपट अधिक किरणोत्सर्ग लागतो, आणि तेवढा देणे शरीराला झेपत नाही. अशाच पेशी उपचारातून वाचतात आणि गाठ पुन्हा वाढवतात. नायट्रिक ऑक्साइड मात्र ऑक्सिजनच्या जागी उभा राहून तीच जखम पक्की करू शकतो. जिवाणूंमध्ये हा परिणाम १९५७ मध्येच दिसला होता. प्रकाशावर आधारलेला जो उपचार आज प्रत्यक्ष वापरात आहे, त्या फोटोडायनॅमिक थेरपीलाही हीच अडचण येते. तिच्यात रुग्णाला प्रकाशसंवेदी औषध देतात, मग गाठीवर लाल प्रकाश टाकतात, आणि औषध ती ऊर्जा जवळच्या ऑक्सिजनला देऊन त्याचे मारक रूप तयार करते. ऑक्सिजन नसेल तर हे साधत नाही, आणि असलेला ऑक्सिजनही उपचार चालू असताना संपत जातो. धातुसंकुलातून नायट्रिक ऑक्साइड सुटण्यासाठी ऑक्सिजन लागत नाही. शिवाय सुटलेला नायट्रिक ऑक्साइड भोवतीच्या वाहिन्या सैल करून गाठीत रक्त, आणि रक्ताबरोबर ऑक्सिजन व औषध, अधिक पोहोचवू शकतो. म्हणून दोन्ही पद्धती एकाच रेणूत जोडण्याचे प्रयत्न झाले आहेत. ब्राझीलमधील संशोधकांनी रुथेनियमच्या नायट्रिक ऑक्साइड संकुलाला थॅलोसायनिन या प्रकाशसंवेदी रंगद्रव्याची जोड देऊन असे काम केले आहे.

लोहाची संकुले प्रकाशाला चांगली दाद देतात, पण शरीरासारख्या वातावरणात पुष्कळदा टिकत नाहीत आणि अंधारातही नायट्रिक ऑक्साइड गळू देतात. नायट्रोप्रुसाइडमध्ये तर सायनाइड बाहेर पडण्याचा धोका कायमच असतो. रुथेनियमची संकुले भक्कम असतात, तासन्‌तास अंधारात हलत नाहीत. मात्र त्यांतील बंध तोडण्यासाठी बहुधा अतिनील किंवा जांभळा प्रकाश लागतो. मँगेनीज या दोहोंच्या मधले. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता क्रूझ येथील प्रदीप मस्करक यांच्या गटाने २००४ च्या सुमारास मँगेनीजचे असे संकुल तयार केले, जे पाण्यात अंधारात टिकते आणि साध्या दृश्य प्रकाशात नायट्रिक ऑक्साइड सोडते. पुढे त्याच संकुलातील लिगँडच्या एका वलयाला आणखी एक वलय जोडून त्यांनी सुमारे ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे डोळ्यांना जवळपास न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशालाही प्रतिसाद देणारे रूप मिळवले. रुथेनियमच्या संकुलाला रेसोरुफिनसारखे रंगद्रव्य थेट जोडून त्याला सुमारे ५०० नॅनोमीटरचा प्रकाश पकडायला लावण्याची युक्तीही याच गटाची.

प्रकाशाच्या रंगासाठी एवढा आटापिटा का, हे स्वतः पाहण्यासारखे आहे. अंधाऱ्या खोलीत हाताची बोटे मिटून टॉर्चच्या काचेवर घट्ट धरली, तर बोटांच्या कडा लाल उजळतात. टॉर्चचा प्रकाश पांढरा असतो, म्हणजे त्यात निळा आणि हिरवाही असतो. ते दोन्ही रंग रक्तातील हिमोग्लोबिन शोषून घेते आणि लालच तेवढा पलीकडे येतो. निळा प्रकाश ऊतीत एक मिलिमीटरही धड आत जात नाही. लाल प्रकाश काही मिलिमीटर जातो आणि निकट-अवरक्त प्रकाश सुमारे सेंटिमीटरभर. साधारण ६५० ते ९०० नॅनोमीटर या पट्ट्यात हिमोग्लोबिन, त्वचेतील मेलॅनिन आणि पाणी हे तिघेही तुलनेने कमी प्रकाश शोषतात, म्हणून या पट्ट्याला उपचाराची खिडकी म्हणतात. पण निसर्गाचा दुसरा नियम आड येतो: प्रकाश जितका लाल, तितकी त्याच्या प्रत्येक फोटॉनची ऊर्जा कमी. ४०० नॅनोमीटरच्या प्रकाशाची ऊर्जा मोलमागे सुमारे ३०० किलोज्यूल असते, तर ८०० नॅनोमीटरला ती निम्मी, म्हणजे १५० किलोज्यूल उरते. कमी ऊर्जेच्या फोटॉनने तुटेल इतका बंध सैल ठेवला, तर तो शरीराच्या उष्णतेने किंवा पेशीतील रसायनांनी आपोआप तुटण्याची शक्यता वाढते. बंध पक्का ठेवला तर लाल प्रकाश पुरत नाही. या क्षेत्रातील जवळपास सगळी कल्पकता याच पेचातून वाट काढण्यात खर्च झाली आहे.

एक वाट म्हणजे एका फोटॉनऐवजी दोन वापरणे. अत्यंत तीव्र आणि अतिसूक्ष्म काळाच्या लेझर झोतात एकच रेणू कमी ऊर्जेचे दोन फोटॉन एकाच वेळी शोषू शकतो, आणि दोघांची बेरीज बंध तोडायला पुरते. असे होऊ शकते हे मारिया गोपर्ट-मायर यांनी १९३१ मध्येच गणिताने मांडले होते. लेझरचा शोध त्यानंतर जवळपास तीस वर्षांनी लागला. या शोषणाचे प्रमाण प्रकाशाच्या तीव्रतेच्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे ते झोताच्या नाभीपाशी, म्हणजे झोत जिथे एकवटतो तिथेच घडते आणि अचूकता कमालीची मिळते. फ्रान्समधील तूलूझ येथे रुथेनियमच्या संकुलांवर या दिशेने काम झाले आहे. पण नाभी एवढीशी असते की मोठी गाठ अशा रीतीने पूर्ण व्यापणे हे फार वेळखाऊ काम होईल. दुसरी वाट नॅनोकणांची. यटर्बियम आणि अर्बियम किंवा थुलियम ही दुर्मीळ मृदा मूलद्रव्ये असलेले कण ९८० नॅनोमीटरचे अवरक्त फोटॉन गोळा करून हिरवा, लाल किंवा निळा प्रकाश बाहेर टाकतात. अशा कणावर धातुसंकुल बसवले, तर बाहेरून अवरक्त प्रकाश द्यायचा आणि बंध तोडणारा निळा प्रकाश गाठीच्या आतच तयार व्हायचा. कल्पना सुंदर आहे. तिची त्रुटी अशी की ही अदलाबदल फारच थोड्या फोटॉनांची होते, आणि ९८० नॅनोमीटरचा प्रकाश पाणीही शोषत असल्याने ऊती तापते. म्हणून निओडिमियम घालून ८०८ नॅनोमीटरवर चालणारे कणही बनवले जातात.

प्रकाश किती पोहोचला याच्याइतकेच महत्त्व पोहोचलेल्या प्रकाशाचे काय झाले याला असते. शोषलेल्या दर शंभर फोटॉनांमागे नायट्रिक ऑक्साइडचे किती रेणू सुटले, या प्रमाणाला क्वांटम यील्ड म्हणतात. काही मँगेनीज संकुलांत ते तीस-चाळीसपर्यंत जाते, तर बऱ्याच रुथेनियम संकुलांत दोन-पाच किंवा त्याहूनही कमी असते. पण संकुल मुळात प्रकाश फिका शोषत असेल तर मोठी क्वांटम यील्डही कामाची नाही. दोन्ही आकडे गुणूनच संकुलाची खरी कुवत ठरते, आणि तरीही बातम्यांत त्यांपैकी मोठा दिसणारा एकच आकडा दिला जातो, याची मला खंत वाटते.

संकुल काम करते की नाही हे कसे पाहतात, तेही जवळून पाहू. सर्वांत साध्या चाचणीत संकुलाचे द्रावण प्रकाशात ठेवून त्यात ग्रीस अभिकर्मक टाकतात. सुटलेला नायट्रिक ऑक्साइड पाण्यात नायट्राइट बनतो आणि द्रावण गुलाबी होते. गुलाबी जितके गडद, तितका वायू अधिक. पेशींसाठी ९६ छोटे खळगे असलेली प्लास्टिकची ताटली घेतात. एका रांगेत नुसत्या पेशी, दुसरीत पेशींवर नुसता प्रकाश, तिसरीत संकुल पण अंधार, चौथीत संकुल आणि प्रकाश दोन्ही. ठरावीक तासांनंतर एमटीटी नावाचा पिवळा पदार्थ टाकतात. जिवंत पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करतात, मेलेल्या करत नाहीत. पहिल्या तीन रांगा जांभळ्या आणि चौथी फिकी, असे चित्र दिसले की संशोधकाला हायसे वाटते. एवढ्यावर मात्र थांबता येत नाही. पाचव्या रांगेत आधीच प्रकाश देऊन रिकामे केलेले संकुल टाकायला हवे, कारण पेशी नायट्रिक ऑक्साइडने मेल्या की मागे उरलेल्या धातूच्या अवशेषाने, हे त्याशिवाय कळत नाही. सहाव्या रांगेत नायट्रिक ऑक्साइड टिपून घेणारा पदार्थ मिसळायला हवा. तो मिसळल्यावर पेशी वाचल्या, तरच मारणारा तोच होता असे म्हणता येते. या शेवटच्या दोन रांगा नसलेले निष्कर्ष मी तरी अर्धवटच मानतो.

अवशेषाचा प्रश्न पेशींच्या ताटलीपुरता नाही. वायू काही सेकंदांत नाहीसा होतो, पण धातू आणि लिगँड शरीरात राहतात, यकृतात जातात, मूत्रपिंडांतून बाहेर पडतात किंवा साठतात. मँगेनीज शरीराला अल्प प्रमाणात लागतेच, म्हणून त्याचे व्यवस्थापन शरीराला काही अंशी जमते. अतिरेक झाला तर ते मेंदूला अपाय करते. रुथेनियमची शरीराला मुळीच गरज नसते. काही संशोधक हाच अवशेष उपयोगात आणतात: नायट्रिक ऑक्साइड सुटल्यावर उरलेले संकुल डीएनएला चिकटेल अशी रचना करतात, म्हणजे एकाच रेणूकडून दोन आघात होतात. इतर काही जण संकुल सिलिकाच्या सच्छिद्र कणांत किंवा पॉलिमरच्या जाळ्यात कोंडतात. त्या जाळ्यातून लहानसा वायू बाहेर पडतो, धातू मात्र आतच राहतो. कर्करोगाच्या पेशींवर फोलेट किंवा बायोटिन घेणारी प्रथिने पुष्कळदा जास्त असतात, म्हणून संकुलाला ही जीवनसत्त्वे जोडून ते गाठीत अधिक शिरावे, असाही प्रयत्न होतो.

या गटातले एकही संकुल अद्याप कर्करोगाचे औषध म्हणून मान्य झालेले नाही. बहुतेक काम पेशींवर आणि काही उंदरांवर झाले आहे. उंदराच्या कातडीखाली वाढवलेली गाठ काही मिलिमीटरच्या खोलीवर असते, तिच्यावर बाहेरून प्रकाश सहज पोहोचतो. माणसाच्या स्वादुपिंडात खोलवर दडलेल्या गाठीला हे लागू पडत नाही. रुग्णाला औषध दिल्यावर ते त्वचेतही पोहोचते, आणि तिथे उन्हाने नायट्रिक ऑक्साइड सुटू नये याची काळजी घ्यावी लागेल. फोटोडायनॅमिक थेरपीतील पॉर्फिमर सोडियम या औषधानंतर रुग्णाला किमान तीस दिवस ऊन आणि प्रखर प्रकाश टाळावा लागतो. तसेच काही इथेही करावे लागणे शक्य आहे. म्हणून कुणी या पद्धतीने आज उपचार देऊ करत असेल, तर रुग्णाने आणि नातेवाइकांनी तो स्वीकारू नये. नोंदणीकृत वैद्यकीय चाचणीबाहेर त्याला आधार नाही.

पहिल्या चाचण्या कधी झाल्याच, तर त्या प्रकाश नेता येतो अशा जागी होणे स्वाभाविक आहे: त्वचा, तोंड, अन्ननलिका, श्वासनलिकेच्या मोठ्या शाखा, मूत्राशय. त्यांतही मूत्राशय मला विशेष अनुकूल वाटते. तो पोकळ अवयव आहे. औषध कॅथेटरने थेट आत सोडता येते, काही वेळ ठेवून उरलेले बाहेर काढता येते, त्यामुळे रक्तात फारसे उतरत नाही, आणि प्रकाशतंतू त्याच वाटेने आत नेऊन आतल्या अस्तरावर प्रकाश टाकता येतो. वरवरच्या गाठींसाठी निळ्या-हिरव्या प्रकाशाची अल्प खोली मग गैरसोयीची न ठरता स्नायूंच्या थराला वाचवणारी ठरेल.

तरी एक अडचण प्रत्येक जागी सारखीच राहील. मात्रा हाच या उपचाराचा प्राण आहे, आणि जिवंत ऊतीत, उपचार चालू असताना, नेमका किती नायट्रिक ऑक्साइड सुटला हे मोजणे कठीण आहे. त्यावर सुचलेला एक उपाय रसायनशास्त्रातूनच आला आहे. संकुलाला असे रंगद्रव्य जोडायचे की नायट्रिक ऑक्साइड बांधलेला असताना त्याची चमक दबलेली राहील आणि तो सुटताच ते चमकू लागेल. प्रयोगशाळेत अशी संकुले तयार झाली आहेत, आणि पेशींच्या आत चमक कुठे व किती वाढली हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता आले आहे. हीच चमक एंडोस्कोपच्या कॅमेऱ्याने टिपता आली, तर गाठीच्या कोणत्या भागात मात्रा पुरेशी झाली आणि कोणत्या भागावर आणखी प्रकाश हवा, हे डॉक्टरांना उपचार करता करताच पडद्यावर दिसेल आणि त्यानुसार दिवा चालू ठेवायचा की बंद करायचा, हे ठरवता येईल.